पाणतीर, पाणसुरुंग आणि ते ‘ताशी २०० नॉट’

प्रश्न असा आलाय: बातम्यांत ‘ताशी २०० नॉट वेगाचा सुपरसॉनिक टॉर्पेडो’ असं ऐकलं, तर टॉर्पेडोला मराठीत पाणतीर म्हणायचं की पाणसुरुंग, त्यातला ‘तीर’ म्हणजे किनारा का, आणि सुपरकॅव्हिटेशनला मराठी शब्द काय?

आधी ते ‘ताशी नॉट’ बंद करा. नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, १,८५२ मीटर, तास त्या शब्दाच्या पोटातच आहे. शिडाच्या जहाजांवर दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असायच्या, टोकाला लाकडाची फळी, ती मागे पाण्यात सोडायची आणि अठ्ठावीस सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचं, जितक्या गाठी तितका वेग. नॉट म्हणजे ती गाठ. ‘ताशी २०० नॉट’ म्हटलं की दर तासाला वेग २०० नॉटनं वाढत चाललाय असा अर्थ होतो, आणि हे चॅनेलवाले रोज बोलतात.

‘सुपरसॉनिक टॉर्पेडो’ तर त्याहून वाईट. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, म्हणजे तासाला ५,४०० किलोमीटर. रशियाचा श्कवाल, ज्याच्या वेगाचा एवढा गाजावाजा झाला, तो जातो २०० नॉटनं म्हणजे तासाला ३७० किलोमीटरनं. हवेतल्या आवाजाच्या वेगाच्याही तो जवळपास नाही. मग हा शब्द आला कुठून? आपल्या डीआरडीओच्या ‘स्मार्ट’वरून. ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून डिसेंबर २०२१ मध्ये आणि परत १ मे २०२४ ला त्याची चाचणी झाली. त्यात सुपरसॉनिक आहे ते क्षेपणास्त्र. ते हवेतून लांब जातं, पोटातला हलका टॉर्पेडो सोडून देतं, तो पॅराशूटनं खाली येतो, पाण्यात शिरतो आणि मग आपल्या नेहमीच्या चालीनं पोहतो. क्षेपणास्त्राचं विशेषण बातमीदारानं टॉर्पेडोला लावलं आणि सगळ्यांनी ते तसंच उचललं.

आता मूळ शब्द. टॉर्पेडो म्हणजे अंगात वीज असलेला, पाकटाच्या जातकुळीतला मासा, लॅटिनमध्ये ‘बधिर होणं’ या अर्थाच्या धातूवरून, ही गोष्ट सगळीकडे सापडते, त्यावर जागा घालवत नाही. एवढंच लक्षात घ्या की अमेरिकन यादवी युद्धात १८६४ च्या ऑगस्टमध्ये मोबाइल बेच्या लढाईत उत्तरेच्या आरमाराचा अ‍ॅडमिरल फॅरागट यानं ज्या ‘टॉर्पेडों’ची पर्वा केली नाही ते पाण्यात बांधून ठेवलेले सुरुंग होते. जागच्या जागी वाट बघत बसणारे. १८६६ मध्ये रॉबर्ट व्हाइटहेडनं फ्यूमला, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रियेकात, दाबलेल्या हवेवर स्वतः चालणारं हत्यार बनवलं (कल्पना मूळची लुप्पिस नावाच्या नौदल अधिकाऱ्याची), तेव्हा ते वेगळं सांगायला त्याला चक्क ‘ऑटोमोबाइल टॉर्पेडो’ म्हणत. पुढे चालणाऱ्यानं नाव घेतलं आणि बसणाऱ्याला ‘माइन’ म्हणायला लागले. इंग्रजीनं जो घोळ पन्नास-साठ वर्षं घातला तो मराठीनं घातलाच नाही, बसतो तो पाणसुरुंग, जातो तो पाणतीर. इतकी स्वच्छ वाटणी हातात असताना लोक दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात याचा मला खरोखर राग येतो. आणि ‘पानतीर’ नाही हो, पाणतीर, पाणबुडी, पाणकोंबडी, पाणवठा, सगळीकडे ण. तो न हिंदीतल्या पनडुब्बीचा.

आता तीर. यासाठीच मी लिहायला बसलोय.

किनारा नव्हे. किनाऱ्याचा तीर संस्कृत, तॄ म्हणजे ओलांडणे, तरून जाणे, त्याच्यातला, तीर्थ त्याचंच भावंड. बाणाचा तीर फारसी. संस्कृतवाल्यांपैकी काही जण हट्टानं सांगतात की ‘पार जातो तो तीर’ म्हणून बाणही तॄ मधलाच, आणि पुरावा म्हणून मोनियर-विल्यम्सचा कोश दाखवतात. त्यात तीर म्हणजे एक प्रकारचा बाण असं दिलंय खरं, पण तिथेच त्यानं फारसीकडे बोट दाखवलंय, ते हे लोक वाचत नाहीत. बाणासाठी इषु, शर, सायक, विशिख असे ढीगभर शब्द असताना रामायण-महाभारतातल्या धनुर्धराच्या भात्यात तीर का नसतो, याचं उत्तर त्यांनी द्यावं.

फारसी तीरच्या मागे जा. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, बाणाला ‘तिघ्रि’. पुढे घ गळाला, इ लांबली, तीर झाला. तिघ्रि आला ‘तिघ्र’ वरून, म्हणजे टोकदार, अणकुचीदार. आणि हा धातू आपल्या घरातला आहे, संस्कृत तिज्, धार लावणे. त्यातूनच तिग्म, त्यातूनच तीक्ष्ण, त्यातूनच तेज! म्हणजे तीर फारसीतून आला असला तरी परका नाही, तेजाचा चुलतभाऊ आहे. तैग्रिस नदीच्या नावातही हाच बाण शिरलाय. तिचं मूळ नाव सुमेरी, इदिग्ना, अरबीत आजही दिजला म्हणतात, पण जुन्या इराणी लोकांनी ते आपल्या कानाला वळवून ‘तिग्रा’ केलं, आणि ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहून ठेवतो की इराणातले मीड लोक बाणाला तिग्रिस म्हणतात, नदी तशी वेगवान म्हणून हे नाव. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीकानं पाणी आणि तीर एकत्र बांधून ठेवलेत, आपण आणखी काय करणार!

सुरुंगाचंही सांगतो, राहवत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरुङ्गा येतो, भुयार या अर्थी, आणि तो ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला असं मानणारा मोठा पक्ष आहे. सिरिंक्स म्हणजे नळी, पावा, आणि तटाखालून खणलेलं भुयारही. इंग्रजी सिरिंज त्याच नळीतून निघाली. काही विद्वानांना हे पटत नाही, शब्द देशीच असणार म्हणतात, पण देशी धातू कोणता ते सांगत नाहीत. मला ग्रीक व्युत्पत्ती पटते.

माझं मत असं की पाणतीर हा शब्द सगळ्यात चपखल बसतो तो श्कवाललाच. व्हाइटहेडचा पहिला टॉर्पेडो सहा-सात नॉटनं जायचा, त्याला तीर म्हणणं म्हणजे कौतुक झालं. आजचा मार्गदर्शित टॉर्पेडो आवाज ऐकतो, वळतो, लक्ष्य चुकलं तर फिरून शोधतो, तोही तीर नव्हे. त्याला ‘अस्त्र’ शोभतं, आणि विशाखापट्टणमच्या एनएसटीएल या नौदलासाठीच्या प्रयोगशाळेनं आपल्या जड टॉर्पेडोचं नाव वरुणास्त्र ठेवलं ते म्हणूनच मला फार आवडलं, ४० नॉटचा आहे, २०१६ पासून नौदलात. श्कवाल मात्र भात्यातून सुटला की सुटला. सरळ. वळवता येत नाही, बोलावता येत नाही.

आणि तो सरळ का, तर तो पाण्यातून जातच नाही. नाकावर एक सपाट चकती असते, रॉकेटच्या जोरावर ती पाणी इतक्या वेगानं बाजूला सारते की मागे पोकळी तयार होते, त्या पोकळीत आतून गॅस सोडतात आणि आठ मीटरहून लांब, जवळपास पावणेतीन टनांचं ते धूड गॅसच्या एका लांबट बुडबुड्यात शिरून धावतं, पाण्याला टेकतात ते फक्त चकती आणि पंखांची टोकं. हेच सुपरकॅव्हिटेशन. पाणी हवेपेक्षा आठशे पट दाट, ते अंगाला घासलंच नाही तर वेग मिळणारच. तीच पोकळी, कॅव्हिटेशन, लॅटिन ‘कावुस’ म्हणजे पोकळ यावरून, जहाज बांधणाऱ्यांची जुनी वैरीण. चार्ल्स पार्सन्सच्या टर्बिनिया या वाफेच्या बोटीचा पंखा १८९४ मध्ये नुसता बुडबुडे काढत बसायचा, बोटीला हवा तेवढा वेग येईना. पंखे बदलत बदलत त्यानं तिला ३४ नॉटला नेलं आणि १८९७ मध्ये स्पिटहेडला व्हिक्टोरिया राणीच्या आरमारी संचलनात घुसवून सगळ्यांना दाखवलं. सोव्हिएत लोकांनी त्या वैरिणीला कामाला लावलं, १९७७ मध्ये श्कवाल नौदलात आला. (श्कवाल म्हणजे समुद्रावर अचानक उठणारा सोसाट्याचा वारा, शब्द रशियन दिसतो पण घेतलाय इंग्रजी स्क्वॉलवरून.)

त्याची किंमत कान. बुडबुड्यात बसून आणि रॉकेटच्या गर्जनेत सोनार, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून शोध घेणारं यंत्र, काही ऐकू शकत नाही. ‘लढाईच बदलली’ असं लिहिणारे हे सोडून देतात. हिशेब करा: सात किलोमीटरवरून सुटलेला ५० नॉटचा टॉर्पेडो यायला साडेचार मिनिटं लागतात, तेवढ्यात जहाज वळतं, आपल्या ‘मारीच’सारखं फसवं यंत्र पाण्यात सोडतं. श्कवालला तेच अंतर सत्तर सेकंदांचं. फसवायचं तर तो ऐकतच नाही, बहिऱ्यापुढे मारीच काय करणार. पण ३० नॉटनं पळणारं जहाज त्या सत्तर सेकंदांत किलोमीटरभर सरकतं आणि सरळ तीर रिकाम्या पाण्यातून निघून जातो. म्हणून सुरुवातीच्या श्कवालमध्ये अण्वस्त्र होतं, नेम चुकला तरी चालेल असं. शिवाय आवाज एवढा की सोडणारी पाणबुडी कुठे आहे ते सगळ्या समुद्राला कळतं. त्यामुळे त्याचा खरा उपयोग सांगतात तो असा, शत्रूचा टॉर्पेडो ज्या दिशेनं आला त्याच दिशेला हा उलट सोडायचा, म्हणजे शत्रूला जीव वाचवायला पळावं लागतं आणि त्यानं सोडलेल्या टॉर्पेडोला मार्ग दाखवणारी तार तुटते. इराणनं २००६ मध्ये ‘हूत’ची चाचणी केली, तोही याच जातीचा. पण समुद्रात प्रत्यक्ष जहाजं बुडवलीत ती मंद, शांत पाणतीरांनी, ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका गेली ती हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीच्या आवाज ऐकत येणाऱ्या टॉर्पेडोनं.

टॉर्पेडोनं आरमाराचा शब्दकोश किती बदलला हे बघायचं तर ‘विनाशिका’ घ्या. डिस्ट्रॉयर हे नाव अर्धं आहे, मूळ ‘टॉर्पेडो-बोट डिस्ट्रॉयर’. छोट्या स्वस्त टॉर्पेडो बोटी मोठ्या युद्धनौकांना बुडवतील या धास्तीनं १८९० च्या दशकात त्या बोटी मारायला वेगळी जहाजं बांधली, ब्रिटिशांचं हॅवॉक १८९३ चं, आणि पुढे नावातली टॉर्पेडो बोट गळून गेली. मराठीनं उरलेल्या अर्ध्याचं भाषांतर केलं, म्हणून ‘विनाशिका’ ऐकल्यावर कसला विनाश ते कळत नाही. गंमत अशी की माझगाव डॉकनं बांधलेल्या विशाखापट्टणम, मुरगाव या विनाशिकांवर आज स्वतःच्याच टॉर्पेडो नळ्या आहेत. शब्द बदला असं मी म्हणत नाही, तो रुळलाय आणि चांगला आहे.

सुपरकॅव्हिटेशन राहिलं. तांत्रिक लेखात सुपरकॅव्हिटेशनच लिहा, संस्कृत घडवून कुणी वाचणार नाही. बोलताना ‘बुडबुड्यातला पाणतीर’ म्हणा, ज्याला विषय माहीत नाही त्यालाही चित्र दिसतं. आणि वेग सांगताना नुसतं ‘२०० नॉट’.