आजोबांची टोपीची दुनळी बंदूक माळ्यावर सापडली. एका नळीत आटे आहेत, दुसरी गुळगुळीत. कुठली असेल आणि चकाचक कशी करू?

चकाचक करू नका. बाकीचं नंतर.

आमच्या घरातही अशीच आहे, पणजोबांची. डावीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, उजवी साफ. एकीत गोळी, दुसरीत छर्रे, दोन्हींचे घोडे वेगळे. नळ्या गडद तपकिरी होत्या. खिडकीपाशी धरल्या की त्यांच्यात बारीक लाटा दिसायच्या, पंचगंगेवर वारा सुटल्यावर उठतात तशा. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकल्या की ही नक्षी येते. वरचा तपकिरी रंग म्हणजे कारागिरानं मुद्दाम, बेतानं चढवलेला गंज. लहानपणी मी तासन् तास त्या लाटांवरून बोट फिरवत बसायचो.

२००९ साली खंडेनवमीला ती पूजेत मांडायची म्हणून दादा तिला उद्यमनगरात घेऊन गेला आणि बफच्या चाकाला लावून आणली. अर्ध्या तासाचं काम. घरी आली तेव्हा नळ्या स्टीलच्या तांब्यासारख्या लखलखत होत्या. लाटा गेल्या. मी लाकूड उतरवून खालची बाजू पाहिली, कारण तिथे शिक्के होते. मुकुटाचं एक टोक तेवढं उरलं होतं. कागद ठेवून पेन्सिलीनं त्यांचा ठसा घ्यायचा, असं मी वर्षभर म्हणत होतो.

तुमचं उत्तर त्या शिक्क्यांतच आहे. मुकुट आणि एकमेकांना छेदणारे दोन राजदंड असतील तर नळ्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये, म्हणजे नळ्यांची मजबुती तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेत, तपासलेल्या. ते १८१३ साली सुरू झालं. मुकुटाखाली 'जीपी' जोडाक्षर असेल तर लंडन. लंबगोलात 'ईएलजी' असेल तर बेल्जियममधलं लिएज. शेजारी १४, १६ असा आकडा असला तर तो नळीचा बोअर: त्या मापाच्या तेवढ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात बसतात. लॉकवरच्या, म्हणजे घोड्याच्या यंत्रणेच्या पट्टीवरच्या, नावावर भुलू नका, ते पुष्कळदा विकणाऱ्याचं असतं.

दादा अजून म्हणतो, देवापुढे शस्त्र लखलखीत पाहिजे. नाही पाहिजे. पूजेला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल पुरतं. पणजोबांनी जपलेला रंग खरवडून काढण्यात कसली आली भक्ती? त्या दिवशी मी वाद वाढवला नाही, म्हणून इथे लिहितोय.

गंजाची पूड मऊ कापडानं आणि पातळ तेलानं पुसा, पॉलिश पेपर अजिबात नको. निपल, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी जिच्यावर बसते ती घोड्याखालची बारीक नळी, जाम असेल तर तेल सोडून काही दिवस मुरू द्या. पकडीनं ओढाल तर मोडेल. रिकामा घोडा आपटू नका. लॉकजवळच्या लाकडाला तेल पाजू नका, लाकूड मऊ पडतं. नळीतलं तेल ओघळून तिथे जाऊ नये म्हणून बंदूक तोंड खाली करून ठेवा. आपल्याकडच्या पावसात चामड्याच्या गवसणीत ती ठेवणं म्हणजे गंजाला आवतण.

हे खरं तर सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं: ती भरलेली असू शकते. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. निपलवर टोपी नाही ना बघा, मग तोंड स्वतःकडे न करता लाकडी काठी आत घाला. काठी निपलच्या बऱ्याच अलीकडे अडली तर हात लावू नका, जाणकार बंदूकवाल्याला बोलवा. आणि परवाना. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली जुन्या हत्यारांची सूट, दुरुस्त करूनही उडणार नाही अशालाच आहे. उडण्याजोगी असेल तर आजोबांचा परवाना तुमच्या कामाचा नाही, पोलीस ठाण्यात विचारा.

ते सगळं झालं की लाकूड उतरवून नळ्यांच्या खालच्या बाजूचा फोटो इथे टाका. मला ते शिक्के एकदा शाबूत पाहायचे आहेत.