बोलतात सगळे, बोलावत कुणीच नाही

प्रश्न : ताई, मी जर्मनीत लाइपझिगला मास्टर्स करतेय. वर्गातली मुलं गोड बोलतात, पण घरी कुणी बोलावत नाही. शनिवार-रविवार खायला उठतो. फिरायला एकटीच जाऊ का?

उत्तर : अगं, जा की! मीही पहिले तीन महिने ड्रेस्डेनच्या खोलीत रुसून बसले होते. मग कळलं, ‘भेटू कधीतरी’ला तिथे काही अर्थ नसतो. ‘गुरुवारी सात वाजता, माझ्याकडे’ असं सांगितलं की सातला पाच कमी असताना बेल वाजते. विद्यापीठाच्या खेळवर्गात नाव घाल. माझ्या मैत्रिणी व्हॉलीबॉलवर मिळाल्या, आणि खेळ मला अजूनही येत नाही.

प्रवासाचं म्हणशील, तर डॉइचलांड तिकीट काढलंयस ना? २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेलं हे मासिक तिकीट लोकल-रीजनल गाड्यांना चालतं. आयसीई या वेगवान गाडीत मात्र चढू नकोस, दंड होतो. (मला झालाय.)

पहिली सहल राथेन गावाची कर. ड्रेस्डेनहून एस-१ लोकल पकड, उतरून एल्बे नदी ओलांडायची. तिथल्या फेरीबोटीला इंजिनच नाही! दोराला बांधलेली बोट नदीच्या प्रवाहानेच पलीकडे सरकते. वर बास्टाइच्या कड्यांवरचा दगडी पूल. डबा शनिवारीच भरून ठेव, रविवारी दुकानं बंद.

चेक प्रजासत्ताकातलं प्राग नंतर. जाशील तेव्हा पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड, दोन्ही अस्सल, जवळ ठेव. मोबाइलमधला फोटो चालत नाही.