डोळे मिटल्यावर कानात कोणाचा आवाज?

प्रश्न : जय भीम मावशी. मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. आमच्या विहारात दर रविवारी त्रिशरण-पंचशील, वंदना होते. ध्यान शिकवणारं मात्र कोणी नाही. मोबाइलवर शोधलं की बासरी, धबधबा, 'सात दिवसांत धनलाभ' असलंच निघतं, आणि मध्येच साबणाची जाहिरात वाजते. दहा दिवसांच्या शिबिराला रजा मिळत नाही. इंग्रजी समजतं, पण डोळे मिटल्यावरही मनात भाषांतर चालू राहतं. बुद्धाच्या वाटेचं, ऐकत ऐकत करता येईल असं काही आहे का?

उत्तर : जय भीम. आहे, आणि फुकट आहे. पैसे मागणाऱ्या अ‍ॅपकडे जाऊच नकोस.

सुरुवात सत्यनारायण गोएंकांच्या आनापानाने, म्हणजे श्वास बघण्याच्या ध्यानाने कर. गोएंका ब्रह्मदेशातल्या मंडालेचे, सयाजी ऊ बा खिन यांचे शिष्य. भारतातलं त्यांचं पहिलं शिबिर 1969 च्या जुलैत आपल्या मुंबईतच झालं, इगतपुरीचं केंद्र नंतरचं. विपश्यना विशोधन विन्यासाच्या संकेतस्थळावर 'मिनी आनापान' म्हणून दहाएक मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, हिंदीतही आहे. नाकपुड्यांपाशी श्वास येतोय, जातोय, तो जसा आहे तसा बघायचा. मोजायचं नाही, मंत्र नाही, डोळ्यांपुढे मूर्ती आणायची नाही. आवाज जड आणि संथ. माझ्या भाचीला तो ऐकून पेंग येते; मला तोच संथपणा आवडतो. मात्र या परंपरेत विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना बघण्याची पुढची पायरी, शिबिराबाहेर शिकवत नाहीत, नवख्याला बाहेर मिळतं ते आनापानच. तेव्हा गोएंकांचा फोटो लावून कोणी 'घरबसल्या संपूर्ण विपश्यना' देत असेल तर पुढे सरक. शिबिराला फी नसते, राहणं-जेवण जुन्या साधकांच्या दानातून चालतं. रजा साठली की जा. तोवर गोराईचा पॅगोडा आहेच, तिथे आलेल्या पाहुण्यांनाही थोडा वेळ आनापान शिकवतात.

दुसरी, मैत्री भावना, म्हणजे मनात सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान. आपल्याकडे त्रिरत्न बौद्ध महासंघाची मंडळी ती मराठीतून शिकवतात. पाच टप्पे : आधी स्वतः, मग मित्र, मग ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही असा माणूस, मग ज्याच्याशी पटत नाही तो, शेवटी सगळे. लोकलमध्ये श्वासाचं ध्यान जमत नाही, उगाच हट्ट करू नकोस. पण तिसऱ्या टप्प्यासाठी लेडीज डब्यासारखी जागा नाही. चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकून बसलेली बाई रोज असतेच, तिच्यासाठी मनात म्हण, ही सुखी होवो. चौथा टप्पा दरवाजापाशी भेटतो.

आता पारख. मी आधी बघते, बोलणारा गप्प किती बसतो. वीस मिनिटांत अठरा मिनिटं तोच बोलत असेल तर ते प्रवचन झालं. ऐकायचं असेल तर भाजी निवडताना ऐक. मग बघते, हा कोणाकडे शिकला हे सांगतो का. चक्रं, धनलाभ, पूर्वजन्म निघाला की बंद. संगीत तर नकोच : श्वास आधीच बारीक, कान बासरीकडे गेला की तो सुटतो. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातल्या आनापानसती सुत्तात सोळा पायऱ्या दिल्यात, बासरी त्यात कुठे नाही!

इंग्रजीतला साठा मोठा आहे. 'धर्मा सीड' आणि 'ऑडिओ धर्मा' इथे विपश्यनेच्या पाश्चात्त्य शिक्षकांची मार्गदर्शित ध्यानं मोफत आहेत. व्हिएतनामचे भिक्खू थिच न्हात हान्ह यांच्या 'प्लम व्हिलेज'चं अ‍ॅपही मोफत आहे. भाषांतराची खोड मोडायला एकच उपाय : तेच रेकॉर्डिंग आधी डोळे उघडे ठेवून, घरातली कामं करता करता पुरतं ऐकून घे. वाक्यं ओळखीची झाली की ती मनात उलटवावी लागत नाहीत. मग तेच ठेव, रोज नवा आवाज शोधू नकोस. जाहिरातीचा प्रश्न सोपा आहे : फाइल उतरवून घे आणि मोबाइल फ्लाइट मोडवर टाक. पुढे आवाजाचीही गरज उरली नाही तर 'इनसाइट टायमर'मध्ये नुसती घंटा लावता येते, त्याला पैसे पडत नाहीत.

बसल्यावर धडधड वाढली, जुनं काही उसळून वर आलं, तर डोळे उघड, उठून पाणी पी. असं वारंवार होत असेल तर रेकॉर्डिंग बदलत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव. हॉस्पिटलातच आहेस.

आणि विहारात शिकवणारं कोणी नाही म्हणतेस, तर वंदनेनंतर ते दहा मिनिटांचं आनापान सगळ्यांसाठी लाव ना. जयंतीला लागणारा स्पीकर कोणाच्या तरी घरी असेलच. अध्यक्षांना आधी विचार, आणि आवाज बेताचा ठेवायला सांग.