हाड मोडलंय मांडीचं, मग डॉक्टर शुगर आणि हार्टचंच का विचारतात?

दादा, तुम्ही लिहिलंय की आप्पा ६८ वर्षांचे, यमकनमर्डीजवळ हायवेवर त्यांची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीला धडकली, मांडीचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या, १०८ नं बेळगावला आणलं. शुगर आहे, कोल्हापुरात हार्टच्या नळीत स्टेंट घातलाय, निपाणीच्या तंबाखू वखारीत आयुष्य गेलं त्यामुळं दमाही आहे. आणि डॉक्टर हाडाचं सोडून जुन्या दुखण्यांचंच विचारत बसलेत म्हणून तुमचा जीव वरखाली होतोय. मी २२ वर्षं अपघात विभागात नर्स होते. त्यांचं विचारणं बरोबर आहे.

मांडीचं हाड मोडलं की आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त जाऊ शकतं. अंगात सगळं मिळून पाचेक लिटर. एरवी हृदय जोरात पळून ती तूट भरायला बघतं आणि वाढलेल्या नाडीवरून आम्ही सावध होतो. पण हार्टवाल्यांना बऱ्याचदा मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असते, ती नाडीला वाढूच देत नाही. ज्यांचं बीपी नेहमी १६० असतं, त्यांचं ११० दिसलं तर आकडा चांगला वाटतो, पण त्यांच्यासाठी ती मोठी घसरण असते.

दुसरं, रक्त पातळ करायच्या गोळ्या. स्टेंटनंतरच्या क्लोपिडोग्रेलचा परिणाम गोळी बंद केल्यावरही पाच-सात दिवस राहतो. एका गृहस्थांच्या डोक्याला साधा मार होता, बोलत होते. घरचे म्हणाले, "बीपीची एक गोळी आहे फक्त." वाल्वसाठीची रक्त पातळ करायची गोळी कुणी सांगितलीच नाही. पहाटे ते बेशुद्ध झाले, मेंदूत रक्त साचलं होतं. वाचले नाहीत. गोळ्यांची पाकिटं दाखवा, असं मी त्या रात्री म्हणायला हवं होतं. नंतर प्रत्येकाला म्हणत आले. आप्पांच्या डोक्याला थोडासाही मार असेल तर आजच सांगा, शुद्धीत असले तरी. स्टेंटची गोळी मात्र आपल्या मनानं बंदही करू नका, चालूही करू नका.

कॅलिफोर्नियातल्या जखमींच्या नोंदींवरचा एक अभ्यास १९९० मध्ये आला होता. जखम तेवढीच असली तरी लिव्हर सिऱ्होसिस, हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार, मधुमेह असलेले जास्त दगावतात, असं त्यात दिसलं. लिव्हरवाल्यांचं मी स्वतः पाहिलंय, त्यांचं रक्त नीट गोठत नाही.

मला आप्पांच्या बरगड्यांची जास्त काळजी वाटते. दुखतं म्हणून माणूस श्वास वरवरचा घेतो, खोकत नाही, कफ साठतो आणि दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया उभा राहतो. दम्याच्या छातीला तो झेपत नाही. म्हणून दुखणं कमी करायचं औषध मागून घ्या, "सोसतील ते" म्हणू नका. छातीशी उशी धरून खोकायला लावा. तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र देतात, त्यातून हवा आत ओढायची असते, तेवढं जवळ बसून करून घ्या.

शुगर साधारण १४० ते १८० मध्ये ठेवतात. मार बसल्यावर ती आपोआप चढते, घाबरू नका, पण जास्त राहिली तर जखम चिघळते. अगदी नॉर्मल होईपर्यंत ऑपरेशन थांबवा असा हट्ट मात्र धरू नका. या वयात अंथरुणावर पडून राहणंच फार महागात पडतं.

फाईल निपाणीला घरी असेल तर कुणालातरी आत्ता फोन करा. डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवा आणि रात्रीच्या ड्युटी डॉक्टरांना दाखवा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका.