इंग्रजीत ‘हॅड बीन’ + क्रियापदाचं तिसरं रूप (पास्ट परफेक्ट पॅसिव्ह) नेमकं कधी वापरायचं?

भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधी काहीतरी झालेलं असेल आणि ते कुणी केलं हे माहीत नसेल किंवा सांगायची गरज नसेल, तेव्हा. उदाहरणार्थ, १९१२ साली टायटॅनिक हिमनगावर आदळलं, पण त्याच दिवशी त्याला बर्फाचे इशारे आधीच मिळाले होते: ‘द शिप हॅड बीन वॉर्न्ड बिफोर इट हिट द आइसबर्ग.’ इशारा आधी, टक्कर नंतर. कर्ता एकवचनी असो वा अनेकवचनी, ‘हॅड’ बदलत नाही. नकारासाठी ‘हॅड नॉट बीन’.

खरा घोळ होतो तो ‘हॅड बीन’ दिसलं की सगळं पॅसिव्ह समजण्यात. ‘ही हॅड बीन वेटिंग’ हे ॲक्टिव्हच आहे, वाट तो स्वतःच बघत होता. पुढे ‘-इंग’ आहे की तिसरं रूप, एवढं बघा. तसंच ‘हॅड बीन अराइव्ह्ड’ चूक, कारण अराइव्ह अकर्मक आहे, त्याचं पॅसिव्ह होतच नाही.

आणि एकच घटना सांगायची असेल तर उगाच ‘हॅड बीन’ घुसवू नका. ‘द ब्रिज वॉज बिल्ट इन १९३२’ पुरेसं आहे. आपल्याकडे ऑफिसच्या ईमेलमध्ये हा सोस फार.