पहिली डीसीसी सिस्टिम: बॉक्स कुठला यापेक्षा डिकोडर आणि वायरिंग बघ

भावा, प्रश्न नीट मांडलायस, त्यामुळं उत्तर द्यायला सोपं जातंय. माडीवर 8 बाय 4 फुटी बोर्ड, बॅकमनचा एचओ सेट (1:87 मापाची मॉडेल रेल्वे), दोन अॅनालॉग इंजिनं, त्यावर कोल्हापूरसारखं शेवटचं स्टेशन उभं करायचं, आणि दिवाळीला अमेरिकेतून येणारा मामेभाऊ डीसीसीचा (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम) एक बॉक्स आणायला तयार. तो बॉक्स एनसीई पॉवर कॅबचा, डिजिट्रॅक्स झेफरचा की रोकोच्या झेड21चा? की काहीच न मागवता अर्दुइनोवर (छोट्या प्रोग्रॅमेबल सर्किट बोर्डावर) डीसीसी-ईएक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून घरीच बनवायचं?

माझं मत आधीच सांगतो. सोल्डरिंग येत असेल तर डीसीसी-ईएक्स, नसेल तर पॉवर कॅब. पण यातला कुठलाच निर्णय जन्माचा नाही, म्हणून जीव टांगणीला लावू नकोस. डीसीसी मूळचं जर्मनीतल्या लेन्झचं, आणि 1990च्या दशकात अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेनं त्याचं खुलं प्रमाण ठरवलं. म्हणून एका कंपनीचा डिकोडर (इंजिनात बसणारं, हुकूम ओळखणारं सर्किट) दुसऱ्या कंपनीच्या कमांड स्टेशनवर (हुकूम पाठवणाऱ्या बॉक्सवर) बिनबोभाट चालतो. चालत नाहीत ते हँडसेट. एनसीईचा हँडसेट डिजिट्रॅक्सच्या लोकोनेटला (हँडसेट जोडायच्या तिच्या वायरिंगला) लागत नाही. उद्या सिस्टिम बदललीस तर बॉक्स आणि हँडसेट जातील, डिकोडर आणि बोर्डाखालचं वायरिंग तसंच राहील. पैसा आणि डोकं तिथं लाव.

मुळात तुला डीसीसी लागणार का, याचं उत्तर तुझ्या आराखड्यातच आहे. नुसता गोल असता तर मी अॅनालॉगच ठेव म्हणालो असतो. पण कोल्हापूर म्हणजे टर्मिनस. महालक्ष्मी एक्सप्रेस फलाटाला लागली की इंजिन पुढं अडकतं, मागं सगळे डबे. एक तर त्याला सोडवून शेजारच्या लाईननं मागं आणायचं, नाहीतर दुसऱ्या इंजिननं रेक ओढून काढायची. अॅनालॉगमध्ये हे करायला फलाटाच्या टोकाला रूळ तोडून वेगळा तुकडा, त्याला वेगळा स्विच, असं प्रत्येक लाईनला करावं लागतं. डीसीसीत रुळांवर कायम 12 ते 15 व्होल्ट असतात आणि हुकूम पत्त्यानुसार जातो. 3 नंबरचं इंजिन उभं, 12 नंबरचं त्याच लाईनवर मागून हळूच येऊन डब्यांना भिडतंय, हे कुठलाही स्विच न दाबता जमतं. मिरज बाजूला जागा उरली म्हणून रिव्हर्स लूप (गाडी वळसा घेऊन त्याच रुळावर उलटी परत येते तो) मात्र घालू नकोस. डावा रूळ उजव्याला भेटून शॉर्ट होतं, आणि त्यासाठी ऑटो-रिव्हर्सर घ्यावा लागतो.

आता बॉक्स. बॅकमनच्या डिजिटल सेटांतून येणारा जुना ई-झी कमांड कुणी स्वस्तात दिला तरी नको म्हण. इंजिनाला नंबर देता येतो, पण बाकीच्या सीव्ही (डिकोडरमधल्या नंबर दिलेल्या सेटिंग) बदलता येत नाहीत. सीव्ही 3 आणि 4, म्हणजे वेग धरणं आणि सोडणं, हे हातात नसेल तर गाडी खेळण्यासारखी झटक्यात सुटते.

पॉवर कॅबचं कमांड स्टेशन हँडसेटच्या पोटातच आहे. वायर काढलीस की सगळा लेआउट बंद. साधारण 2 अँपिअर मिळतात, आणि स्क्रीनवर तो एकेक प्रश्न विचारत जातो, त्यामुळं नवख्याला बरा. एक खोच लक्षात ठेव. त्याला प्रोग्रॅमिंगसाठी वेगळं आउटपुट नाही. प्रोग्रॅम ट्रॅकवर जाऊन एका इंजिनाला 12 नंबर दिलास आणि बाकीची इंजिनं रुळांवरच असली, तर सगळी 12 नंबरची होतात. म्हणून फूटभर रूळ वेगळा ठेव आणि एका डबल पोल स्विचनं आउटपुट तरी मेन लाईनला, नाहीतर त्या तुकड्याला, असं कर. मामेभावाला आणखी एक सांग: अॅडॉप्टरवर 100-240 व्होल्ट लिहिलंय का, ते घेतानाच बघ. नुसतं 120 असेल तर तो तिथंच राहू दे, इथं तेवढंच आउटपुट व्होल्टेज देणारा घे.

झेफर एक्सप्रेस 3 अँपिअरचा, टेबलावर ठेवायचा, प्रोग्रॅमिंगचं आउटपुट वेगळं. ज्याला एका जागी बसून चालवायचं त्याला उत्तम. तुझ्या बोर्डाभोवती फिरायचं असेल तर जादा हँडसेट आलाच. झेड21 स्टार्ट दिसायला देखणा, पण मोबाईलवरून चालवायला राउटर आणि अनलॉक कोड लागतो. त्याची किंमत आधी बेरजेत धर.

डीसीसी-ईएक्सला अर्दुइनो मेगा, मोटर शील्ड (त्यावर बसणारा, रुळांना वीज देणारा बोर्ड) आणि वायफायचा छोटा बोर्ड लागतो. तिन्ही मिळून एका साउंड डिकोडरपेक्षा स्वस्त पडतात. हँडसेट म्हणजे तुझा मोबाईल, अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर अॅप फुकट आहे. बिघडलं तर बोर्ड इथंच बदलता येतो, परदेशी पाठवून वाट बघायची गरज नाही, आणि माझ्या लेखी हाच त्याचा मोठा गुण. शील्डला 14 व्होल्ट दे. चिपमध्ये दीड-दोन व्होल्ट जातात, रुळांवर साधारण 12 उरतात, एचओला पुरे. फक्त शील्डचा व्हीआयएन (वीज आत घ्यायचा जोड) अर्दुइनोपासून तोडायला विसरू नकोस, नाहीतर ते 14 व्होल्ट मेगाच्या रेग्युलेटरवर जातात. करंट दीड अँपिअरच्या आत ठेव. आजकालचं एचओ इंजिन पाव ते अर्धा अँपिअर खातं, तेव्हा तुझ्या दोन-तीन गाड्यांना चिंता नाही.

वायरिंगला घरगुती दीड एमएमची वायर बोर्डाखालून आडवी फिरव, आणि दर तीन-चार फुटांवर रुळांना बारीक वायरीनं जोड. मग रुपयाचं नाणं घेऊन लेआउटभर फिर. दोन्ही रुळांवर आडवं टेकवलं की कमांड स्टेशननं तत्क्षणी ट्रिप झालं पाहिजे. जिथं होत नाही तिथं वायर कमी पडतेय, आणि उद्या डबा घसरला तर सगळा करंट त्याच्या चाकातून जाऊन प्लास्टिक वितळेल. हे नाणं फिरवल्याशिवाय डिकोडरचं इंजिन रुळावर ठेवायचं नाही.

तुझ्या सेटच्या रुळांखालचा बेस काळा आहे का करडा? बॅकमनचा काळा म्हणजे स्टील, करडा म्हणजे निकेल सिल्व्हर. आपल्या पावसाळ्यात स्टीलचे रूळ जुलै संपायच्या आत गंजतात. अॅनालॉगमध्ये गाडी जरा अडखळून पुढं जाते, डीसीसीत डिकोडर रीसेट होतो, आवाज तुटतो. काळा असेल तर बॉक्सच्या आधी रूळ बदल.

डिकोडर बसवताना मल्टीमीटर जवळ ठेव. इंजिनात 8 पिनचा किंवा 21 पिनचा सॉकेट असेल तर काम पाच मिनिटांचं. नसेल तर मोटरचे दोन्ही ब्रश चासीपासून आणि चाकांपासून पूर्ण वेगळे आहेत का, ते तपास. जुन्या इंजिनांत एक ब्रश थेट चासीला टेकलेला असतो; तसाच डिकोडर लावला तर पहिल्याच क्षणी धूर. बसवून झाल्यावर इंजिन प्रोग्रॅमिंगच्या रुळावर ठेवून सीव्ही 8 (डिकोडर बनवणाऱ्या कंपनीचा नंबर) वाच. वाचताना इंजिन जागच्या जागी बारीक झटके देतं, घाबरू नकोस. डिकोडरला उत्तर द्यायला दुसरा मार्ग नाही, म्हणून तो मोटरला क्षणभर करंट देऊन 'हो' म्हणतो. झटके आले आणि आकडा आला, तर मोटरचं जोडकाम ठीक.

आवाज हवा असेल तर आपल्या जुन्या डब्ल्यूडीएम-2 डिझेलसाठी वेगळं काही शोधत बसू नकोस. तिचं इंजिन अल्कोचं 16 सिलिंडरचं 251, आणि अमेरिकन अल्कोच्या साउंड फाईल्स ईएसयू आणि साउंडट्रॅक्स या दोन्ही डिकोडर कंपन्यांकडं आहेत. डब्ल्यूडीपी-4 ला ईएमडी 710 ची फाईल घे. हॉर्न तेवढा परका वाटेल. (ब्रॉडगेज 1676 मिमी, एचओत ते 19 मिमीच्या वर जातं आणि रूळ आहेत साडेसोळाचे. तेव्हा हॉर्नवरून कुणी नाक मुरडलं तर त्याला आधी गेज मोजायला सांग.)

सेटचा जुना कंट्रोलर टाकू नकोस, स्टेशनच्या दिव्यांना कामी येईल. फक्त त्याची वायर डीसीसीच्या रुळांना कधीही लावायची नाही, आणि डिकोडर नसलेलं इंजिनही त्या रुळांवर उभं ठेवायचं नाही, गुणगुणत तापतं. आता दोन्ही इंजिनांचं वरचं कवच काढ आणि आतल्या सर्किटचा फोटो टाक. सॉकेट दिसला की कुठला डिकोडर मागवायचा ते सांगतो, म्हणजे मामेभावाची यादी एकदाच होईल.