आबकौडेचं घर आणि खिशातली गोटी

प्रश्न : ताई, आम्ही सहा वर्षं नेदरलँड्समधल्या आम्स्टलवेनमध्ये भाड्याच्या घरात राहतोय. मी छत्तीस वर्षांचा, बायको तेहतीसची, मुलगी सहाची. आम्स्टरडॅमच्या इतकं जवळ असूनही शांत, म्हणून आबकौडे गाव आम्हाला फार आवडलंय. तिथे 1931 सालचं, रांगेतलं एक विटांचं घर पाहिलं. मागे बाग, बागेला लागून पाण्याचा चर. सांगितलेली किंमत 5 लाख 95 हजार युरो. माकेलार, म्हणजे घरांचा दलाल म्हणाला, परवापर्यंत बोली द्या, आणि घराच्या तपासणीची किंवा कर्जाची अट (ती पुरी झाली नाही तर मागे फिरता येतं) घालू नका, नाहीतर घर हातचं जाईल. ऑफिसातले लोकही म्हणतात, इथे असंच चालतं. शिवाय बायकोला गाडी चालवता येत नाही, गावात एकटी पडेन अशी तिला धास्ती आहे. काय करावं?
— एक वाचक, आम्स्टलवेन

उत्तर : ‘माकेलार म्हणाला’ हे वाचलं आणि पहिला प्रश्न मनात आला, कोणाचा माकेलार? तुम्हाला घर दाखवलं तो विकणाऱ्याचा माणूस. त्याचं कमिशन विकणारा देतो. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, पण त्याने सांगितलेली घाई ही त्याच्या अशिलाच्या सोयीची आहे. खरेदीदाराच्या बाजूचा वेगळा माकेलार मिळतो. पैसे लागतात, पण जुन्या घरासाठी ते मला वाया गेल्यासारखे वाटत नाहीत.

आता खऱ्या मुद्द्यावर येते. घराबद्दल तुम्ही बरंच लिहिलंत, घराखाली काय आहे त्याबद्दल अवाक्षर नाही. मीही तशीच होते.

मी राहते कोकेंगनला, उत्रेख्तच्या वायव्येला. आमच्याकडची जमीन म्हणजे पीट, कुजलेल्या वनस्पतींचा भिजलेला स्पंज. पाणी काढलं की तो वाळतो, आक्रसतो आणि जमीन खाली बसत जाते. आमचं घर सत्तरच्या दशकातलं, काँक्रीटच्या खांबांवर उभं, त्यामुळे ते जागचं हलत नाही. बाग मात्र खचते. 2018 मध्ये राहायला आलो तेव्हा दारापुढच्या फरशा पायरीला टेकलेल्या होत्या. चार वर्षांत पायरीखाली माझी मूठ जाईल एवढी फट पडली. शेजारचं मांजर तिथून आत जाऊन बसायचं, आणि नवरा टॉर्च घेऊन पालथा पडून त्याला ‘ये, ये’ करायचा, तेही मराठीत. शेवटी ट्रकभर वाळू आणि माती मागवली, सगळ्या फरशा उचलल्या, भर घातली, परत बसवल्या. काही वर्षांनी पुन्हा करावं लागणार. इथल्या लोकांना यात काही विशेष वाटत नाही, आपण पावसाळ्याआधी कौलं शाकारायचो तसंच.

हे झालं बागेचं. तुमचं घर 1931 चं, म्हणजे प्रश्न पायाचा. आबकौडेच्या आसपासही पीट आणि नदीकाठची चिकणमाती आहे. त्या काळात अशा जमिनीवर घर बांधताना लाकडी खांब ठोकत. लाकूड पाण्याखाली बुडालेलं असेल तर शंभर वर्षंही टिकतं. भूजल खाली गेलं आणि खांबाचं डोकं उघडं पडलं की हवा लागते आणि ते कुजायला लागतं. चरातलं पाणी किती ठेवायचं हे वॉटरस्खाप, म्हणजे इथलं पाणी-मंडळ ठरवतं. त्याचा कर तुम्ही वेगळा भराल, पण पातळी तुमच्या खांबांच्या सोयीने ठरेलच असं नाही.

काही घरांना खांबच नसतात. कागदावर ‘ओप स्टाल’ असं लिहिलेलं दिसेल. माझ्या नवऱ्याने ते वाचून खुशीत सांगितलं होतं, ‘अगं, पोलादी पाया आहे!’ स्टाल म्हणजे पोलाद, हे त्याचं बरोबरच. पण ‘ओप स्टाल’चा अर्थ खांबांशिवाय, थेट जमिनीवर टेकवलेला पाया. वाळूच्या जमिनीत ते उत्तम. पीटवर असेल तर मी दोनदा विचार करीन.

पाया दुरुस्त करायचा तर खर्च लाखभर युरोच्या घरात सहज जातो आणि घराचा विमा तो देत नाही. रांगेतल्या घरांचा पाया बहुतेक वेळा सलग असतो, म्हणजे शेजारी तयार नसले तर तुम्ही एकटे काही करू शकत नाही. म्हणून दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या दारावरची घंटा वाजवा आणि सरळ विचारा. डच माणसाला सरळ प्रश्नाचा राग येत नाही, उलट कॉफी मिळेल.

घर पाहायला दुसऱ्यांदा जाल तेव्हा खिशात एक गोटी ठेवा. 2017 मध्ये दुसऱ्या एका गावात आम्ही एका घरावर अगदी जीव टाकला होता. रंगीत काचांची खिडकी, जुनी शेगडी, सगळं मनासारखं. मी बैठकीच्या खोलीत गोटी ठेवली. क्षणभर थांबली, आणि मग कोणी बोलावल्यासारखी स्वयंपाकघराकडे निघाली, थेट फ्रीजखाली. तो माकेलार म्हणाला, ‘जुन्या घराला थोडं व्यक्तिमत्त्व असतंच.’ बाहेर येऊन पाहिलं तर खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांमधून जिन्यासारखी चिरत गेलेली भेग होती, ताज्या सिमेंटने बुजवलेली. आम्ही बोली दिली नाही. गोटी तिथेच राहिली.

अर्थात गोटी म्हणजे तपासणी नव्हे, जमीन जुन्या काळी कधीतरी बसून आता स्थिरही झालेली असू शकते. साधी बाउकुंडिग कौरिंग, म्हणजे बांधकामाची तपासणीसुद्धा भेगा, कल, दारंखिडक्या एवढंच पाहते, जमिनीखाली उकरत नाही. त्यासाठी खड्डा खणून खांबाचं डोकं उघडं करणारी वेगळी तपासणी असते. आधी नगरपालिकेकडे जुने बांधकाम नकाशे मागा. शिवाय जुन्या घराच्या करारात एक कलम हमखास असतं, घर जुनं आहे आणि वयामुळे निघणारे दोष खरेदीदाराच्या माथी. ते कलम वाचून मग ठरवा, तपासणी सोडायची का.

अट न घालता तपासणी करून घेण्याची एक वाट आहे. लेखी करारावर सह्या होऊन त्याची प्रत हातात पडली की तुम्हाला तीन दिवसांची बेडेंकटाइड मिळते, म्हणजे विचार करण्याची मुदत. त्यातले दोन दिवस तरी शनिवार, रविवार किंवा सुट्टीचे नसावे लागतात. या मुदतीत कारण न देता मागे फिरता येतं, दंड नाही. तपासनीस आधीच ठरवून ठेवा आणि त्याच दिवसांत त्याला घरात न्या. आम्ही तसंच केलं होतं.

कर्जाची अट मात्र सोडू नका. इथे मी हट्टीच आहे. बँक सहसा घराच्या मूल्यांकनाच्या 100 टक्क्यांपर्यंतच कर्ज देते. समजा तुमची बोली 6 लाख 30 हजारांना गेली आणि मूल्यांकन 6 लाख 5 हजार आलं, तर वरचे 25 हजार तुमच्या खिशातून. त्यात 2 टक्के हस्तांतरण कर, म्हणजे 12 हजार 600. शिवाय नोटरी, मूल्यांकन, कर्ज सल्लागार. 35 च्या आतल्या खरेदीदाराला हा कर एकदा माफ असतो, तुमच्या बायकोच्या वाट्याला ती माफी लागू झाली असती, पण घराच्या किमतीला मर्यादा आहे. 2025 मध्ये ती 5 लाख 25 हजार होती. तुमचं घर त्याच्या बरंच वर, त्यामुळे ती आशा सोडा. आणि अट नसताना बँकेने नाही म्हटलं तर? नेहमीच्या करारात दंड 10 टक्के. म्हणजे 63 हजार युरो, आणि घरही नाही.

गावी वडील पैसे देणार असतील तर त्याचे कागद आत्तापासून जमवा. पैसा कुठून आला हे बँक आणि नोटरी दोघंही विचारतात.

शांततेबद्दल एक शंका. आबकौडेच्या पश्चिमेला ए-2 महामार्ग आहे आणि इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. तुम्ही बहुधा रविवारी दुपारी गेला असाल. वाऱ्याच्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी जा आणि बागेत दहा मिनिटं गप्प उभे राहा.

बायकोची धास्ती हसण्यावारी नेऊ नका. पहिल्या हिवाळ्यात साडेचारला काळोख झाला की मी पडदे ओढून आईला फोन लावायचे आणि बोलायला काही नसायचं. आबकौडेला आम्स्टरडॅम-उत्रेख्त मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे. माझ्या गावाला तेही नाही, त्यामुळे मला तुमचा हेवाच वाटतो. तिला पावसात स्टेशनपासून त्या घरापर्यंत एकदा सायकलने जाऊ द्या, एकटीला. परत आल्यावर ती काय म्हणते ते तुमच्या सगळ्या आकड्यांइतकंच मोजा. माझं एकटेपण मोडलं ते डच शिकल्यावर नाही, तर गावच्या सभागृहात बुधवारी कॉफी वाढायला लागल्यावर. तुटक्या डचमध्ये ‘साखर?’ एवढं विचारता आलं की पुरतं.

आणि बागेला लागून चर आहे, मुलगी सहाची आहे. पोहण्याचा ‘आ’ डिप्लोमा तिच्याकडे नसेल तर घराचं काहीही होवो, पोहण्याच्या वर्गात नाव आजच घाला. प्रतीक्षायादी लांब असते.